गवताचा जावई

पावलेताचा निरोप आला तेव्हा रुस्का कोपरापर्यंत मिठाच्या पाण्यात हात घालून चीझचे तुकडे बुडवत होती. पावलेता म्हणजे गिधाडं राखणाऱ्या संघाच्या कार्यालयात पाहुण्यांची नोंद ठेवणारी मुलगी. निरोप छोटा होता. सोमवार ते शुक्रवार एक फोटोग्राफर लपणात बसायला येतोय, राजधानीचा आहे, नाव मोठं आहे, जरा नीट बघ. आणि खाली ते नाव: व्हेलिन दोब्रेव्ह.

रुस्काने हात पुसले, निरोप पुन्हा वाचला आणि फोन पिठाच्या डब्यावर उपडा ठेवला. खिडकीबाहेर तिचा नवरा तान्यो शेळ्यांना मीठ चाटवत होता. त्याला सांगायचं नाही, हे तिचं तिथेच ठरलं. दुसरी गोष्ट ठरायला मात्र सकाळ उजाडली.

स्लिवार गावाच्या वर, आर्दा नदीच्या कड्यावर, गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची संघाची जागा आहे. तिथे जमिनीत अर्धं पुरलेलं, दगड आणि फळ्यांचं लपण आहे. पुढे बाहेरून आरशासारखी दिसणारी काच, मागे कमरेएवढं दार. हे लपण बावीस वर्षं तान्योने सांभाळलं. बांधणारे इंजिनियर दुसरेच होते, पण पक्ष्यांना फसवायची विद्या त्याची.

गिधाडं बिचारी भोळी असतात. आधी डोमकावळे मांसावर उतरतात, त्यांना काही होत नाही असं दिसलं की मगच गिधाडं उतरतात. म्हणजे खरी गाठ डोमकावळ्यांशी. ते वरच्या सुळक्यावर बसून मोजतात. दोन माणसं लपणापाशी गेली आणि एकच परत आलं, तर एक आत आहे हे त्यांना कळतं. मग दिवसभर कोकलत राहतात आणि आभाळातून काहीही खाली येत नाही. अंधारात चोरून जावं म्हटलं तर वाट कड्याच्या धारेवरून जाते. म्हणून तान्योने जावई बनवला. जुना मिलिटरी कोट, आत गवत, वर कानटोपी, पाठीतून दाताळ्याचा दांडा. जाताना त्याला पोत्यात कोंबायचं. पाहुणा आत बसला की बाहेर काढून उभा करायचा, खांद्याला खांदा लावायचा आणि वाटभर त्याच्याशी भांडत परत यायचं. दोन गेले, दोन आले. जावई हे नाव गावाने ठेवलं, कारण तो कायम दुसऱ्याच्या खांद्यावर येतो, कामाला हात लावत नाही आणि घरात आला तरी टोपी काढत नाही.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात व्हेलिन दोब्रेव्ह पहिल्यांदा इथे आला होता. रुस्का तेव्हा डेअरीत कामाला होती, तिने त्याला पाहिलंही नव्हतं. लपणापासून दोनशे पावलांवरच्या पिवळ्या कड्यावर त्या वर्षी पांढऱ्या गिधाडांची जोडी अंड्यावर होती. ही गिधाडं आता इतकी कमी उरलीत, की त्या कड्याखालून शेळ्या न्यायलाही बंदी होती. लपणाचा नियम असा, की एकदा आत गेलेला माणूस न्यायला येईपर्यंत बाहेर पडत नाही. तान्यो खाली गावात असताना भर दुपारी व्हेलिन बाहेर पडला आणि कॅमेरा घेऊन थेट त्या कड्याखाली जाऊन उभा राहिला. मादी घाबरून उडाली. तो हलला नाही. अर्ध्या तासात डोमकावळा आला, अंडं चोचीत धरून उडाला, आणि त्याचा याने फोटो काढला. मग परत लपणात जाऊन बसला. संध्याकाळी तान्यो आणायला गेला, तेव्हा त्याने थर्मास परत दिला आणि दिवस छान गेला म्हणाला.

त्या फोटोला त्याच वर्षी वन्यजीवांच्या वर्तनासाठीचं पहिलं बक्षीस मिळालं. हा कोन लपणातून मिळणं शक्यच नाही, हे संघातल्या कोणाच्या तरी लक्षात आलं आणि चौकशी लागली. व्हेलिनने पत्र लिहून कळवलं की लपणवाल्यानेच मला तिथे नेलं, काही धोका नाही असं त्याचं म्हणणं होतं. तान्योला पत्रं लिहिता येत नाहीत. तो टोपी हातात धरून कार्यालयात उभा राहिला आणि 'मी नेलं नाही' एवढंच तीनदा म्हणाला. त्याचं काम गेलं. कड्यावरची जोडी पुन्हा आली नाही. गावच्या कॅफेत कोणीतरी रोज विचारायचं, तान्यो, आम्लेट घेणार का? त्याने कॅफेत जाणं सोडलं. दोन वर्षं लपण बंद राहिलं. मेलेली गाय ओढायला दुसरं कोणी तयार होईना, तेव्हा संघाने रुस्काला विचारलं. तान्यो म्हणाला, जा. स्वतः मात्र तो त्या वाटेला परत फिरकला नाही. डोक्यावर गिधाडं घिरट्या घालत असली तरी तो शेळ्यांच्या पाठींकडे बघत राहायचा. ज्या माणसाला आवाजावरून डोमकावळ्याचं वय कळायचं, तो आता आभाळाकडे बघतही नाही, हे रुस्काला सगळ्यात जास्त डाचत होतं.

सोमवारी पहाटे व्हेलिन आला. पंचेचाळिशीचा, सडसडीत, बोलायला गोड. तिच्यासाठी लोकुम मिठाईचा डबा आणला होता. वाट चढताना म्हणाला, मावशी, आधी इथे एक दादा असायचे ना, बडबडे? रुस्का म्हणाली, त्यांना हल्ली बरं नसतं. अरेरे, म्हणाला आणि लगेच कामाचं बोलायला लागला. त्याचं पुस्तक छापायला चाललं होतं. मधलं दोन पानी चित्र फक्त बाकी होतं. मांसावर काळं गिधाड उतरतं आणि आधी बसलेली सगळी माना खाली घालून बाजूला सरकतात, तो क्षण. त्यासाठी ती दोन पानं कोरी ठेवली होती आणि प्रकाशकाने शनिवारपर्यंतची मुदत दिली होती. हे सगळं त्याने आपणहून सांगितलं. रुस्काने ते मन लावून ऐकलं.

तिने त्याला आत बसवलं, काच पुसून दिली, दार लावलं. पोत्यातून जावयाला काढलं आणि दारामागच्या जुनिपरच्या झुडपाखाली आडवा केला. मग मोकळे हात हलवत, ताठ मानेने, एकटी परत निघाली. सुळक्याखाली एक सपाट कातळ आहे. लपणातून तो दिसत नाही, सुळक्यावरून मात्र तिथली मुंगीही दिसते. ती कातळापर्यंत पोचायच्या आतच वर ओरडा सुरू झाला. चार वर्षं हा आवाज आला की ती धावत वाटेआड व्हायची. त्या दिवशी तिने मुद्दाम पावलं हळू टाकली.

संध्याकाळी ती आणायला गेली तेव्हा व्हेलिन म्हणाला, वारा वाईट होता. तिने मान डोलावली. मंगळवारी तो म्हणाला, मांस ताजं नाही. त्यावरही तिने मान डोलावली. त्याने विचारलं, जावयाला नीट नेता ना मावशी? ती म्हणाली, नेते की, आज तर दोनदा अडखळला मेला. तो हसला. त्या हसण्यावर तिने त्याला पिशवीतून आणलेली गरम बानित्सा, म्हणजे चीझ भरलेली पोळी, तिथेच वाढली. माणूस पाचही दिवस टिकला पाहिजे, अर्ध्यावर वैतागून गेला तर मजा नाही, असा तिचा हिशेब होता.

बुधवारी मात्र तिला टोचणी लागली. कड्यांच्या कपारींत पिल्लं होती आणि गिधाडं तीन दिवस रिकामीच फिरत होती. पलीकडच्या काठावर मेहमेद मेंढपाळाच्या दोन मेंढ्या मेल्या होत्या. तिने त्या खेचरावर घातल्या आणि नदीपलीकडच्या उघड्या माळावर नेऊन टाकल्या. तिला पक्ष्यांना उपाशी ठेवायचं नव्हतं, एका माणसाचा कॅमेरा उपाशी ठेवायचा होता. दुपारी साठेक गिधाडं त्या माळावर उतरली. लपणाच्या काचेतून ती फोलपटांएवढी दिसली असतील. संध्याकाळी व्हेलिनचा चेहरा पडला होता. तो म्हणाला, मावशी, ती तिकडे उतरली हो. रुस्का म्हणाली, पाखरांचं काय सांगता येतं?

त्या रात्री जेवताना तान्योने विचारलं, पाहुण्याला काही मिळतंय का? तिने, अजून नाही, एवढंच सांगितलं. तीन दिवस? त्याच्या कपाळावर आठी पडली. मग तो पावाने ताट पुसायला लागला.

गुरुवारी ती त्याला आणायला नेहमीपेक्षा थोडी लवकर वर गेली. लपणाचं दार उघडं होतं. व्हेलिन झुडपाजवळच्या दगडावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर जावई होता.

"हा रोज इथेच झोपतो वाटतं?"

रुस्काने पिशवी खाली ठेवली. चार दिवस ती याच क्षणाला घाबरत होती. आता तो आल्यावर तिला भीती वाटेना. "तू बाहेर आलास," ती म्हणाली.

"मी काय विचारतोय, मावशी?"

"आणायला येईपर्यंत आत बसायचं असतं. तू बाहेर आलास. तुझी सवयच आहे ती."

त्याने जावयाला बाजूला ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "आपण आधी भेटलोय का?"

"मी नाही. माझा नवरा भेटलाय. तान्यो. तो बडबड्या."

व्हेलिनच्या चेहऱ्यावर ओळख यायला वेळ लागला. आधी तो म्हणाला की मी पावलेताकडे तक्रार करीन. रुस्का म्हणाली, कर की, जावई झुडपाखाली सापडला म्हणून सांग, फक्त तू कुठे उभा होतास तेव्हा, तेही सांगावं लागेल.  त्याने घड्याळात पाहिलं. शुक्रवार तेवढा उरला होता. काय पाहिजे तुम्हाला, त्याने विचारलं.

तिला काय पाहिजे ते सहा वर्षांपासून तोंडपाठ होतं. त्या दिवशी तू एकटा बाहेर पडलास, तान्यो तिथे नव्हता, तुझं आधीचं पत्र खोटं होतं, हे लिही, खाली सही कर आणि आत्ताच्या आत्ता तुझ्याच फोनवरून संघाला पाठव.

तिला वाटलं होतं तो भांडेल, लाल होईल, निदान पेन हातात घेऊन बसून राहील. व्हेलिनने वही काढली आणि मांडीवर ठेवून लिहायला लागला. लिहिता लिहिता तिच्या पिशवीतली भाजलेली मिरची न विचारता उचलून खाल्ली. तारीख कोणती होती, त्याने मान वर न करता विचारलं. अकरा मे, ती म्हणाली. त्याने लिहिलं, सही केली. मग दोघं फोनला रेंज मिळते त्या कातळावर गेली, तिथे त्याने कागदाचा फोटो काढून पाठवला आणि पोचल्याची खूण तिला दाखवली.

"झालं. एवढ्यासाठी माझे चार दिवस घालवलेत? सहा वर्षांपूर्वीचं बक्षीस, मावशी, त्याचं आता कोणाला पडलंय? पहिल्याच दिवशी मागितलं असतंत तरी दिलं असतं."

रुस्काने कागद घडी करून चोळीत ठेवला. हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. कागद मिळेपर्यंत खरंच तिच्या मनात होतं की उद्या जावयाला नीट न्यावं, याला याचा फोटो मिळू दे आणि विषय संपू दे. पण तान्योची सहा वर्षं याने मिरची खात खात परत केली होती. ती मागितली असती तर पहिल्याच दिवशी मिळाली असती. याने कधी ती आपणहून द्यायचा विचारही केला नव्हता. ती दाणदाण पावलं टाकत वाट उतरली.

शुक्रवारी व्हेलिन सावध होता. मी दाराच्या फटीतून बघणार हं, असं त्याने आधीच बजावलं. रुस्का म्हणाली, बघ. तिने त्याच्या देखत जावयाला पोत्यातून काढलं, झटकलं, टोपी नीट बसवली. खांद्याला खांदा लावून, त्याला शिव्या घालत, दारासमोरून निघाली. सुळक्यावर चार काळे ठिपके बसले होते. ते ओरडले नाहीत. वाट वळली, झुडपं आड आली, दार दिसेनासं झालं.

सपाट कातळावर पोचल्यावर ती थांबली. वर पाहिलं. चारही माना तिच्याकडे वळलेल्या होत्या. तिने जावयाची टोपी काढली आणि बाजूला फेकली. कोटाची बटणं सोडली, गवत मुठीमुठीने बाहेर काढलं, वाऱ्यावर उधळलं. कोट कातळावर अंथरला, त्यावर बसली आणि पावाची पुरचुंडी सोडून खायला लागली. सुळक्यावरचा एकजण उडाला, तिच्या डोक्यावरून दोन फेऱ्या मारल्या, खाली पसरलेल्या गवताकडे मान तिरकी करून पाहिलं आणि परत जाऊन बसला. मग चौघांनी मिळून जो कल्ला केला, तसा तिने कधी ऐकला नव्हता.

दिवसभर गिधाडं उंचावर जमली. त्यांत काळं गिधाडही होतं, दरवाजाएवढ्या पंखांचं. ते दोनदा इतकं खाली आलं की त्याची सावली मांसावरून गेली. दोन्ही वेळा डोमकावळे कोकलले आणि ते वर गेलं. संध्याकाळी रुस्का लपणात गेली तेव्हा आत भट्टीसारखं झालं होतं. व्हेलिन कॅमेऱ्यामागे तसाच बसून होता, शर्ट पाठीला चिकटलेला. तुम्ही नेला होतात त्याला, मी पाहिलं, तो म्हणाला. नेला होता, रुस्का म्हणाली. मग? तिने खांदे उडवले. लोकुमचा डबा न उघडता त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात पावलेताचा फोन आला. संघाने तान्योवरचा ठपका पुसला होता, बक्षीस देणाऱ्यांनाही कळवलं होतं, आणि तान्योची इच्छा असेल तर लपण पुन्हा त्याच्याकडे द्यायचं होतं. रुस्काने त्याला कागद वाचून दाखवला. त्याने तो हातात घेतला, अक्षरं वाचता येत नसल्यासारखा बराच वेळ धरून ठेवला. मग फळीवरून जुने बूट काढले.

पहिल्या सकाळी रुस्का लपणात बसली आणि तान्योने नव्या गवताने भरलेला जावई खांद्याला लावून नेला. तो दहा पावलं गेला असेल, एक डोमकावळा सुळक्यावरून उतरला, थेट जावयाच्या डोक्यावर बसला आणि टोपीखालून गवत उपसायला लागला. तान्यो उभाच राहिला. रुस्का बाहेर आली आणि शुक्रवारची हकीकत तिने स्वतःच सांगितली, लपवावं असं काही तिला वाटलं नाही. तान्योने ऐकून घेतलं आणि दाताळ्याचा दांडा जमिनीवर आपटला.

"बावीस वर्षं. एकदासुद्धा त्यांना कळू दिलं नव्हतं. आणि तू त्यांना कोट उलगडून दाखवलास?"

"दाखवला."

"हे लपण मेलं. कळतंय तुला? आता यांच्या पिल्लांच्या पिल्लांनाही माहीत असणार."

कळत होतं. डोमकावळे शिकलेलं विसरत नाहीत. आता तीन माणसं गेली काय, पाच गेली काय, त्या दारावरची त्यांची नजर हटणार नव्हती. नवी जागा शोधायची, जमीन खणायची, दगड हलवायचे, आणि मग पक्ष्यांच्या अंगवळणी पडायला दोन हिवाळे थांबायचं. तेवढे दिवस पाहुणे नाहीत. तान्यो आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. रुस्का माफी मागायला गेली नाही. तिला वाईट वाटत नव्हतं, आणि वाटतंय असं तिने दाखवलंही नाही.

जून लागला तेव्हा दोघं पलीकडच्या धारेवर खणत होती. तान्यो पहार मारत होता, रुस्का माती पाटीने बाजूला टाकत होती. डोक्यावर दोन गिधाडं फिरत होती. तान्यो मध्येच थांबून, डोळ्यांवर हात धरून, त्यांच्याकडे पाहायचा आणि पुन्हा पहार उचलायचा. खड्डा कमरेएवढा झाल्यावर तो काठावर बसला, पाणी प्यायला आणि तिच्याकडे न बघता विचारलं, शेवटच्या दिवशी तो किती वेळ आत होता?

"सकाळी सहापासून. संध्याकाळी सातला उघडलं मी."

"पाणी?"

"एकच बाटली. तीही काचेजवळ ठेवलेली, तापली असणार."

तान्योने बूच लावून बाटली तिच्याकडे दिली. "आणि काळं गिधाड किती खाली आलं होतं म्हणालीस?"

"सावली मांसावर पडली, इतकं. दोनदा."

"त्याने पाहिलं असेल?"

"समोर काच होती त्याच्या. पाहणार नाही तर काय."

तान्यो खड्ड्यात उतरला, पहार उचलली आणि मारायच्या आधी थांबला.

"परत सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग. सोमवारपासून."